शून्याखाली दीड पौंड

काटा शून्यावर येत नव्हता, आणि शुभदाबाई तो आणायला तयार नव्हत्या. विल्सन गार्डनमधल्या आप्पाजीरावांच्या गॅरेजात सकाळपासून एवढ्या एका गोष्टीवर गाडं अडलं होतं. निळी कॉन्टेसा बॉनेट उघडून उभी होती. इंजिन बंद होतं. आणि तिच्या डॅशबोर्डवर नुकतंच बसवलेलं बूस्ट गेज, बेसनाच्या लाडवाएवढी ती गोल तबकडी, शून्याच्या खाली दीड पौंड दाखवत होती.

"बंद गाडीत शून्य पायजे अक्का," आप्पाजीराव तिसऱ्यांदा म्हणाले. "शाळंतलं पोर बी सांगंल. काच काढा, काटा स्वल्प वर घ्या, मग सरी, झालं."

"शून्य पाहिजे ते समुद्रकाठी," शुभदाबाई म्हणाल्या. "बंगळूर समुद्रकाठी नाही."

पदर खोचून त्या ड्रायव्हरच्या सीटवर आडव्या बसल्या होत्या. वय त्रेपन्न, कपाळावर घड्याळजीचं भिंग सरकवलेलं. बेळगावच्या कडोलकर घड्याळजींची ही लेक. लग्नानंतर माहेरचं आडनाव गेलं, पण बोटं माहेरचीच राहिली. सव्वीस वर्षं त्यांनी एका सरकारी विमान-इंजिन कारखान्याच्या उपकरण विभागात दाबमापकं तपासली. दोन वर्षांपूर्वी स्वेच्छानिवृत्ती घेतली आणि बनशंकरीच्या घराला फाटकावर पाटी लावली: प्रेशर गेज आणि बी.पी.ची यंत्रं तपासून मिळतील. खाली नाव, शुभदा चंद्रकांत इनामदार. चंद्रकांतराव चेष्टेने म्हणायचे, या घराला आयुष्यात पहिल्यांदा बाईच्या नावाने पत्रं यायला लागली.

गाडी निहारची. निहार पुण्याचा, इंदिरानगरला एका सॉफ्टवेअर कंपनीत, वय सव्वीस. त्याच्या मावसभावाने सिंगापूरहून सुपरचार्जर पाठवला होता. सुपरचार्जर म्हणजे इंजिनच्याच पट्ट्यावर फिरणारा आणि इंजिनात हवा कोंबणारा पंप. जेवढी हवा जास्त तेवढं पेट्रोल जास्त, आणि तेवढी गाडी उसळते. मात्र हवा किती कोंबली हे समजायला हवं, नाहीतर पोट फुटेस्तोवर जेवायला घातलेल्या पाहुण्यासारखी इंजिनची गत होते. म्हणून हे गेज. ते त्याच मावसभावाने पाठवलं होतं, आणि बसवायचं काम आप्पाजीरावांनी शुभदाबाईंना दिलं होतं. आप्पाजीरावांच्या हवेच्या कॉम्प्रेसरची गेजं त्याच तपासून देत. त्यांचा हात आप्पाजीरावांना ठाऊक होता.

काम त्यांनी दोन दिवस घेऊन केलं होतं. सुपरचार्जरच्या पुढे, जिथून हवा इंजिनात शिरते तिथे एक बारीक फाटा काढला. नळी तापल्या लोखंडापासून लांब ठेवत आणली, पत्र्यातल्या भोकाला रबराची कडी बसवली म्हणजे नळी कापली जाऊ नये. काटा थरथरू नये म्हणून नळीत पितळेचं एक बूच घातलं आणि त्याला वडिलांच्या ड्रिलने सुईएवढं भोक पाडलं. शेवटी दिव्याची तार जोडली. आप्पाजीरावांनी ते सगळं पाहून मान डोलावली होती. भांडण त्यानंतर सुरू झालं.

गेजचा डबा मागून बंद होता. त्याच्या आतली डबी बाहेरच्या हवेशी तुलना करत नाही, जो दाब आहे तो सांगते, आणि त्याचं शून्य समुद्रकाठच्या हवेवर आखलेलं असतं. बंगळूर तीन हजार फुटांवर. इथली हवाच मुळात दीड पौंडाने हलकी. कारखान्यात हे शिकवावं लागत नसे. रोज सकाळी आल्या आल्या पहिलं काम बॅरोमीटर बघायचं आणि वहीत आकडा लिहायचा, मग चहा. बंगळूरच्या बाकी माणसांना मात्र थंड हवेचं कौतुक तेवढं असतं, ती थंड का हे कुणी मनावर घेत नाही.

शुभदाबाईंनी पिशवीतून डॉक्टरी बी.पी.चं यंत्र काढलं. पाऱ्याची उभी नळी, रबरी फुगा. फुग्याची नळी एका बाजूने पाऱ्याला, दुसऱ्या बाजूने गेजला जोडली आणि निहारला फुगा दाबायला सांगितलं. पारा शंभरावर गेला, दोनशेवर गेला, तीनशेवर गेला. प्रत्येक वेळी त्यांनी त्याचे पौंड करून खडूने फरशीवर लिहिले आणि शेजारी गेजचा आकडा लिहिला. प्रत्येक वेळी गेज दीड पौंडच कमी दाखवत होतं, ना पाव कमी ना पाव जास्त.

"बिघडलेलं गेज इतक्या इमानाने चुकत नाही," त्या म्हणाल्या.

पण आप्पाजीरावांची पंचाईत वेगळीच होती. त्यांचे पूर्वज शहाजीराजांबरोबर इकडे आले असं ते सांगत, आणि तेव्हापासून घराण्यात कुणी काम वाया घालवलेलं नाही असंही सांगत. सुपरचार्जरबरोबर आलेल्या कागदावर लिहिलं होतं, सहा पौंड दाब मिळेल. काल कनकपुरा रस्त्यावर पूर्ण पाय दाबून गाडी पळवली तेव्हा काटा चारालाही पोचला नव्हता. रविवारी मद्रासजवळच्या जुन्या धावपट्टीवर शर्यत होती आणि आप्पाजीरावांच्या गॅरेजची ही पहिलीच गाडी तिथे उतरणार होती. चार पौंड म्हणजे त्यांच्या बसवण्यात खोट, असा त्याचा अर्थ चार लोक काढणार. त्यांनी उपायही काढून ठेवला होता. लहान पुली. पुली लहान झाली की पंप जोरात फिरणार आणि सहाचे सहा पौंड मिळणार.

"पुलीला हात लावू नका," शुभदाबाई म्हणाल्या. "पंप हवा वाढवतो ती आहे त्या हवेच्या हिशोबात. इथली हवा पातळ, म्हणून चार. हीच गाडी, हीच पुली, मद्रासला सहा दाखवेल. इथे सहा करून तिकडे नेलीत तर साडेआठ होतील. मग पिस्टनला भोक पडेल, आणि ते कुठलंही गेज बुजवणार नाही."

आप्पाजीरावांना ते पटलं नाही. हवा काय किलोवर विकत मिळते काय, असं ते पुटपुटले. निहारला रविवारी जिंकायचं होतं, आणि सहा हा आकडा चारापेक्षा मोठा आहे एवढं त्याला दिसत होतं.

"काकू, तुमची थिअरी बरोबर असेल," तो शेवटी म्हणाला. "पण ॲक्चुअली मला सिंपल हवंय. तुम्ही काटा झिरोवर सेट करून द्या, पुली आम्ही बदलतो. काही झालं तर जबाबदारी माझी."

शुभदाबाईंनी भिंग कपाळावरून काढलं आणि पुसायला घेतलं. ते स्वच्छच होतं.

हे वाक्य त्यांनी पूर्वी एकदा ऐकलं होतं, चौऱ्याहत्तर साली. चाचणी विभागातलं एक गेज सकाळी बॅरोमीटरशी जुळेना. अशा वेळी गेज उतरवायचं, उघडायचं आणि आत काय बिघडलंय ते बघायचं, हा नियम. पण त्या दिवशी दिल्लीहून तपासणीला माणसं येणार होती. विभागाचे साहेब म्हणाले, इनामदारबाई, काटा जुळवून टाका, जबाबदारी माझी. शुभदाबाईंनी काटा उपसला आणि जुळवून बसवला. आतली डबी गळत होती. दुपारपर्यंत गेज आणखी कमी दाखवायला लागलं. चाचणीवरच्या रत्नाकर नावाच्या माणसाने आकडा गाठायला इंजिन आणखी रेटलं, आणि इंजिन फुटलं. उकळत्या तेलाने रत्नाकरचा उजवा हात कोपरापासून भाजला. चौकशीत साहेब म्हणाले, मी काही सांगितलं नव्हतं, बाईंनी परस्पर केलं. शुभदाबाईंच्या फायलीत 'निष्काळजी' असा शेरा पडला आणि अकरा वर्षं बढती अडली.

शेरा त्यांनी पचवला. साहेबांचा राग यायचा, तोही पुढे निवळला. निवळला नाही तो स्वतःच्या हाताचा राग. हाताला माहीत होतं की हे चूक आहे. हाताने तरी केलं, कारण वरून कुणीतरी म्हणालं होतं, जबाबदारी माझी. रत्नाकरला भेटायला त्या दवाखान्यात गेल्या तेव्हा तो एवढंच म्हणाला होता, बाई, मी काट्याकडे बघत होतो. तो बिचारा काट्याकडेच बघत होता.

"जबाबदारी तुझी कशी असेल?" त्या निहारला म्हणाल्या. आवाज चढला नव्हता, पण आप्पाजीरावांनी हातातला पाना खाली ठेवला. "गाडीत बसून तू काट्याकडे बघणार. तो खोटं बोलत असला तर तुला कळणार कसं? ज्याने काटा बसवला त्याची जबाबदारी. दुसऱ्या कुणाची असूच शकत नाही."

"मग मी दुसरीकडून करून घेतो," निहार म्हणाला. मुलगा वाईट नव्हता, फक्त सव्वीसचा होता.

"घे की. पण मग मी ते आत्ता उतरवते. फाटा, नळी, सगळं. माझं काम खोट्या काट्याच्या मागे राहायला नको."

त्यांनी खरंच स्क्रूड्रायव्हर उचलला. पहिला स्क्रू अर्धा फिरलाही. तेव्हा आप्पाजीराव मधे पडले. एकतर गुरुवार संपत आला होता आणि दुसरं गेज जे.सी. रोडच्या पार्ट्सच्या बाजारात मिळालं असतं असा भरवसा नव्हता. शिवाय त्यांनी तीस वर्षांत पुष्कळ कारागीर पाहिले होते. खोटा माणूस एवढा अडून बसत नाही हे त्यांना माहीत होतं, पण अडून बसणारा प्रत्येक माणूस खरा असतो असंही नाही. ते म्हणाले, अक्का, वाट काढा.

वाट शुभदाबाईंनीच काढली. काटा आहे तिथे राहील. पुलीही मोठीच राहील. लहान पुली डिकीत टाकून न्यायची. शनिवारी मद्रासला पोचल्यावर गाडी पळवून बघायची. सहा आले नाहीत तर पुली तिथे बदला.

"आणि मी स्वतः काटा हलवून देईन," त्या म्हणाल्या. "घरी येऊन फाटकावरची पाटी उतरवीन. ज्या बाईला दाब कळत नाही तिने दाब तपासायची पाटी कशाला लावावी?"

"तुमी येणार मद्रासला?" आप्पाजीराव म्हणाले.

"मग काय, काटा एकटाच पाठवू?"

चंद्रकांतरावांनी घरी हे ऐकलं आणि वर्तमानपत्र खाली घेतलं. तीनशेचाळीस किलोमीटर, दोन परके पुरुष, कशासाठी, तर एका पोराच्या हौसेसाठी. पाटीची पैज लावायची काय गरज होती, असंही त्यांनी विचारलं. पाटीवर आता बारा दवाखाने आणि दोन साखर कारखाने अवलंबून होते. शुभदाबाई म्हणाल्या, पैज नाही लावली, खरं ते सांगितलं. सव्वीस वर्षांच्या संसारात चंद्रकांतरावांना एक गोष्ट समजली होती. बायको आवाज न चढवता बोलायला लागली की पालथ्या घड्यावर पाणी ओतण्यात अर्थ नसतो. शनिवारी सकाळी त्यांनी स्वतः दहीभाताचा डबा भरून दिला, आणि वर लिंबाचं लोणचं.

सहाला निघाले. निहार चालवत होता, आप्पाजीराव पुढे, शुभदाबाई मागे. होसूरला इंजिन बंद करून पाहिलं, काटा दीड पौंड खाली होता. आप्पाजीरावांनी मागे वळून बघितलं. शुभदाबाई म्हणाल्या, अजून आपण पठारावरून उतरलोच नाही.

कृष्णगिरीला इडली खायला थांबले. इंजिन बंद केलं. काटा वर आला होता. शून्यापर्यंतचं जवळजवळ निम्मं अंतर त्याने कापलं होतं.

"इंजिनची गरमी," आप्पाजीराव म्हणाले.

"असेल. बघा तपासून."

आप्पाजीराव हट्टी होते, पण लबाड नव्हते. त्यांनी बॉनेट उघडलं, चटके बसत असताना नळी फाट्यावरून उपसली आणि तोंड बाहेरच्या वाऱ्यात धरून उभे राहिले. निहार काट्याकडे बघत राहिला. काटा जागचा हलला नाही. इंजिनचा आता त्याच्याशी काही संबंध नव्हता, तरी तो होता तिथेच होता. पाच मिनिटं गेली, दहा गेली. हॉटेलातला पोऱ्या येऊन इडली गार होतेय म्हणून सांगून गेला. आप्पाजीरावांनी नळी परत बसवली, हात पुसले आणि इडलीला न शिवता नुसती कॉफी घेतली.

वेल्लोरला कुणी काही न सांगता निहारने गाडी बाजूला घेतली आणि बंद केली. शून्यापासून पाव पौंडाहून थोडं जास्त अंतर राहिलं होतं. त्याने मागे बघितलं. सकाळपासून पहिल्यांदाच तो हसला आणि म्हणाला, काकू, हे म्हणजे तुम्ही मला उतार मोजून दाखवताय. शुभदाबाईंनी त्याला दहीभात वाढला.

धावपट्टीवर पोचायला अडीच वाजले. आभाळ भरून आलं होतं, समुद्राकडून ओला वारा सुटला होता. बंगालच्या उपसागरात कमी दाबाचा पट्टा आहे असं आदल्या संध्याकाळच्या बातम्यांत सांगितलं होतं. पंधरावीस गाड्या आधीच रांगेला लागल्या होत्या. निहारने एका कडेला गाडी उभी केली, इंजिन बंद केलं, आणि तिघांनी एकदम डॅशबोर्डकडे वाकून बघितलं.

काटा शून्यावर नव्हता. शून्याच्या खाली, केसभर.

शुभदाबाईंनी आणखी वाकून काटा पाहिला. मग त्यांनी मान वर करून आभाळ पाहिलं.

"आज हवाच कमी आहे," त्या म्हणाल्या. "वादळ आहे बाहेर."

निहारने हेल्मेट घातलं. सरावाची फेरी एकच मिळणार होती. तो रेघेवर गेला, झेंडा पडला, आणि कॉन्टेसा अशी काही सुटली की आप्पाजीरावांनी नकळत शेजारच्या खांबाला धरलं. शुभदाबाईंना गाडी दिसत नव्हती, नुसता आवाज येत होता. त्या आवाज ऐकत होत्या. खडखड नाही, ठोका नाही, इंजिन निरोगी माणसासारखं श्वास घेत होतं. चौऱ्याहत्तर साली हा आवाज असा राहिला नव्हता.

निहार परत आला तो काच खाली करून ओरडतच. सहा. सहाला केसभर कमी. पूर्ण पाय दाबला होता, वरच्या गिअरमध्ये, काटा सहाजवळ जाऊन तसूभरही न थरथरता उभा राहिला होता. तो खाली उतरला आणि वाकून शुभदाबाईंच्या पाया पडला, भर धावपट्टीवर, हेल्मेटसकट. त्यांनी त्याला उठवलं. डोळे भरून आले होते आणि ते लपवायची त्यांना गरज वाटली नाही.

आप्पाजीराव डिकीपाशी गेले. लहान पुली बाहेर काढली, हातात उलटीपालटी करून पाहिली. साडेआठ, असं ते स्वतःशीच म्हणाले. मग पुली परत कापडात गुंडाळून आत ठेवली.

तेवढ्यात निहारच्या मित्रांचं एक टोळकं गाडी बघायला आलं. एकाने गेजवर बोट ठेवलं आणि विचारलं, बंद गाडीत हे झिरोवर का नाही, फॉल्टी आहे का. निहार ओशाळला. त्याने शुभदाबाईंना जरा बाजूला घेतलं आणि खालच्या आवाजात म्हणाला, की आता तर सगळं सिद्ध झालंच आहे, तुम्हीच बरोबर होतात, तर तेवढा केसभर काटा वर घेऊन द्याल का. दिसायला बरं. तुमचंच नाव होईल.

त्यात काही वावगं नव्हतं. केसभरच तर होतं, त्याने कुणाचं इंजिन फुटलं नसतं. भिंग आणि हत्यारं पिशवीत होती. शुभदाबाई उत्तर द्यायला तोंड उघडणार एवढ्यात मागून आवाज आला.

"हात लावायचं न्हाई, निहार."

आप्पाजीराव गाडीच्या दाराला पाठ लावून उभे होते. "तो काटा अक्कानं बसवलाय. तो सांगतोय ते खरं. लोकास्नी कळत नसंल तर लोकास्नी शिकू दे."

निहार मित्रांकडे परत गेला. एकवीस वर्षांपूर्वी शुभदाबाईंच्या त्या विभागात चाळीस माणसं होती. त्यातल्या एकाने एवढं वाक्य म्हटलं असतं तर रत्नाकरचा हात शाबूत राहिला असता. त्यांचा स्वतःचाही राहिला असता, एका अर्थी. कुणी म्हटलं नव्हतं. त्यांनीही म्हटलं नव्हतं.

वारा वाढला होता. रांगेपाशी टायरांचा ढीग रचलेला होता, त्यावर त्या जाऊन बसल्या. पाय दुखत होते. गाडीचा डॅशबोर्ड तिथून नीट दिसत होता.

हातात शिट्टी आणि छातीवर बिल्ला असलेला एक माणूस लगबगीने आला. त्याने आधी निहारकडे पाहिलं, मग आप्पाजीरावांकडे, आणि मग शुभदाबाईंना अदबीने इंग्रजीत सांगितलं की घरच्या मंडळींसाठी तिकडे मंडप आहे, खुर्च्या आहेत, चहा आहे. ही जागा फक्त काम करणाऱ्यांसाठी आहे.

आप्पाजीराव काही म्हणायला पुढे आले. शुभदाबाईंनी हातानेच त्यांना थांबवलं.

"आय ॲम ऑन ड्यूटी," त्या म्हणाल्या, आणि पदर घट्ट खोचून तिथेच बसून राहिल्या.